द्राक्षाला छाटणी, लिलीला फ्रिज

पुणे-नाशिक महामार्गाने येणाऱ्या पाहुण्याला नारायणगाव कुठं संपलं आणि वारूळवाडी कुठं लागली हे सांगितल्याशिवाय कळत नाही. मीना नदीच्या काठचा हा सगळा पट्टा बागायती. ऊस, द्राक्ष, टोमॅटो, त्यांच्या मध्ये मध्ये शेवंती-झेंडूचे तुकडे आणि रस्त्याच्या कडेला भाजीपाल्याच्या रोपवाटिका. शेडनेट, ठिबक, कोकोपीट, एकोणीस-एकोणीस हे शब्द इथं शाळकरी पोरांच्याही तोंडी असतात. अशा गावात रोप कसं जगवावं हे कुणाला शिकवायला जायचं म्हणजे धाडसच. तरीही एक कंद आहे, जो या भागातल्या भल्याभल्या अंगणांमध्ये दगा देतो. तो म्हणजे टायगर लिलीचा.

पाकिटावरचं चित्र मोहात पाडणारं असतं. नारिंगी पाकळ्या मागे वळून देठाला टेकलेल्या, त्यांवर काळपट तपकिरी ठिपके, फूल खाली मान घातलेलं आणि सहा पुंकेसर बाहेर लोंबणारे. कंद मागवला जातो, पावसाच्या तोंडावर कुंडीत लावला जातो. नशीब बरं असेल तर हिरवा कोंब वर येतो, वीतभर पानं फुटतात. तेवढ्यावर गाडी थांबते. फूल येत नाही. पुढच्या वर्षी पानंही लहान येतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात कुंडी उकरली की हाताला लागतो तो कुजका चिखल. बहुतेक वेळा दोष खताला दिला जातो, नाहीतर नर्सरीवाल्याला. खरं कारण कंदाच्या जन्मगावात आहे.

टायगर लिली मूळची चीन, कोरिया आणि जपानची. शास्त्रीय नाव लिलियम लॅन्सिफोलियम. जुन्या पुस्तकांत ती लिलियम टिग्रिनम म्हणून भेटते. तिथल्या माणसांना ती आधी खाण्याचा कंद म्हणून माहीत झाली. चीन-जपानमध्ये लिलीचे कंद आजही भाजीत आणि सूपात पडतात. युरोपात ती पोहोचली १८०४ मध्ये. लंडनच्या क्यू उद्यानासाठी चीनमध्ये झाडं गोळा करणाऱ्या विल्यम कर यानं कँटनहून तिचे कंद पाठवले आणि काही वर्षांतच क्यूमधून हजारो कंद इंग्लंडभर वाटले गेले. इतक्या झटपट वाढ झाली, पण तीत बियांचा वाटा जवळपास शून्य होता. बागांत पसरलेल्या बहुतेक टायगर लिलींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. तिनाची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. तिची वाढ चालते दुसऱ्याच वाटेनं. पान जिथं खोडाला चिकटतं त्या बेचक्यात काळसर जांभळ्या, चकचकीत गोळ्या धरतात. वाटाण्याहून थोड्या लहान. या गोळ्या म्हणजे छोटे कंदच. फुलं सरता सरता त्या आपोआप गळतात आणि जिथं पडतील तिथं मुळं सोडतात. कधी कधी तर झाडावर असतानाच एखादीतून पांढरं मूळ डोकावतं.

भारतातही खऱ्या लिली आहेत, म्हणजे लिलियम वंशातल्या. हिमालयात त्या आहेत. मणिपूरच्या शिरुई डोंगरावरची फिकट गुलाबी लिली १९४६ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पती-संग्राहकाला सापडली आणि तिला त्याच्या पत्नीचं, जीन मॅक्लिनचं, नाव मिळालं. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांवर लांब पांढऱ्या कर्ण्याची एक लिली रानात फुलते. ही सगळी ठिकाणं थंड आहेत. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मात्र रानटी लिलियम एकही नाही. आपल्याकडचे डोंगर तिच्यासाठी पुरेसे गार होत नाहीत.

अडचण नेमकी हीच आहे. टायगर लिलीच्या कंदाला वर्षातून काही आठवडे कडक थंडी लागते. दोन ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तीही एखाद-दुसऱ्या पहाटेपुरती असून भागत नाही. सलग सहा ते दहा आठवडे हवी. या थंडीत वरून काहीच दिसत नाही, पण कंदाच्या पोटातला कोंब बदलत असतो. खोड सरळ उंच चढवायचं आणि टोकाला कळ्या धरायच्या हा निरोप त्याला थंडीतून मिळतो. निरोप मिळाला नाही तर कंद एक तर जमिनीतच पडून राहतो, नाहीतर बुटकी पानं काढून दमतो.

जुन्नर समुद्रसपाटीपासून ६८९ मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा इकडं दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याखालीही. माणसं शेकोट्या पेटवतात, द्राक्षवाले भुरीच्या काळजीत पडतात. पण दुपारी बाराला हीच हवा अंगातला स्वेटर उतरवायला लावते आणि कुंडीतली माती पुन्हा कोमट होते. आपल्याला ही थंडी पुष्कळ वाटते, लिलीच्या कंदाला ती पुरत नाही.

गंमत अशी की या भागातला शेतकरी अशाच एका थंड मुलखाच्या झाडाला पिढ्यान्‌पिढ्या फसवत आला आहे. द्राक्षाची वेल मूळची गार हिवाळ्याची. तिकडं ती थंडीत पानं गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडं तिला झोपायला हिवाळाच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हातमोजे घालून काडीवरच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. वेलीला जी जाग थंडीनं यायची ती या रसायनानं येते आणि डोळे एकसारखे फुटतात. नारायणगावची काळी जम्बो द्राक्षं जहाजानं परदेशी जातात ती या युक्तीच्या जोरावर. लिलीचं दुखणं त्याच जातीचं आहे, उपाय मात्र कितीतरी सोपा. तिला पेस्ट नको, फवारा नको. घरातल्या फ्रिजचा एक कोपरा पुरतो.

फ्रिजमधली थंडी कशी द्यायची हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आधी कंद हातात घेऊन पाहावा. लिलीच्या कंदाला कांद्यासारखं कोरडं साल नसतं. मांसल पांढरे खवले एकावर एक बसवलेले असतात, लसणाचा गड्डा सोलून पाकळ्या सुट्या न करता ठेवावा तसे. अंगावर साल नसल्यामुळं तो उघड्यावर फार लवकर सुकतो, म्हणून जाळीच्या पिशवीत आठवडे लोंबकळलेला कंद विकत घेऊ नये. दाबल्यावर घट्ट लागणारा, बुडाशी थोडी जिवंत मुळं असलेला कंद चांगला. सुरकुतलेला किंवा निळसर बुरशी धरलेला दुकानातच राहू द्यावा. मऊ पडलेले एक-दोन खवले असतील तर ते अलगद काढून कंद ट्रायकोडर्माच्या किंवा साध्या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा आणि सावलीत निथळू द्यावा.

मग कोकोपीट घ्यायचं. मुठीत पिळल्यावर पाण्याचा थेंब पडणार नाही, पण हाताला ओल जाणवेल इतकंच दमट. त्यात कंद एकमेकांना न टेकता गुंडाळायचे, प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे, पिशवीला सुईनं दहा-बारा भोकं पाडायची आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. फ्रीजरमध्ये नाही, तिथं कंद गोठून मरतो. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बुरशी आली का, कोकोपीट कोरडं पडलं का हे बघायचं. आठ ते दहा आठवडे हा मुक्काम.

त्यात दोन गोष्टी नडतात. पहिली फळांची. पिकणारी सफरचंदं, केळी आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात आणि त्या वायूनं कंदातल्या कोवळ्या कळ्या जळतात. टोमॅटोच्या बाजारपेठेच्या गावात फ्रिजमध्ये टोमॅटो नसणं अवघड, म्हणून कंदांना वेगळा कप्पा द्यावा, नाहीतर फळं तेवढे दिवस बाहेर ठेवावीत. दुसरी गोष्ट माणसांची. हा कंद लसूण समजून फोडणीत जाऊ शकतो. चीनमध्ये खाल्ला जातो हे खरं, पण लागवडीसाठी विकलेल्या कंदांना बुरशीनाशक लावलेलं असतं. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘लागवडीचा कंद, खाऊ नये’ असं लिहून ठेवणं हा घरातल्या सगळ्यांच्या हिताचा उपाय.

वेळापत्रक मागून पुढं मोजलेलं बरं. आपल्याकडं मार्चपासून ऊन तापतं आणि तिशीच्या वर पारा गेला की लिलीच्या कळ्या फुलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. म्हणजे फूल जानेवारी-फेब्रुवारीत यायला हवं. कंद लावल्यापासून फुलापर्यंत तीन ते चार महिने धरले तर लागवड ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस उघडल्यावर. आणि फ्रिजचा मुक्काम ऑगस्टच्या सुरुवातीपासून. पावसाळ्याच्या तोंडावर लावण्याची जी सवय आपल्या हाताला आहे तीच इथं घात करते. जूनमध्ये कंदाला थंडी मिळालेली नसते आणि वरून चार महिने धो धो ओल. ऑक्टोबरमध्ये थंडी घेऊन निघालेला कंद विकणारेही असतात. परदेशातून, मुख्यतः हॉलंडमधून, येणारे लिलियमचे कंद शीतगृहातूनच येतात. तसे मिळाले तर पहिल्या वर्षी फ्रिजचा खटाटोप वाचतो. दुसऱ्या वर्षी तो करावाच लागतो.

मातीच्या बाबतीत या भागातल्या काळ्या रानाचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा. उसाला सोन्यासारखी असणारी काळी माती लिलीला जड पडते. पाणी धरून ठेवते आणि चुनखडीमुळं अल्कधर्मी असते. लिलीला हवी भुसभुशीत, किंचित आम्ल माती. कुंडीत लाल माती, कोकोपीट आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत सारख्या मापानं घेऊन त्यात ओंजळभर जाड वाळू मिसळली की काम होतं. ताजं शेणखत नको, त्यानं खवले कुजतात. बोअरच्या क्षारांनीही त्रास होतो. कुंडीच्या काठावर पांढरं किटण धरलं आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर झाडाला लोह मिळत नाही असं समजावं. द्राक्षबागेत हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि चिलेटेड लोहाची फवारणी हा तिथलाच उपाय इथंही चालतो. त्याहून चांगलं म्हणजे पावसाचं पाणी एखाद्या टाकीत साठवून लिलीच्या कुंड्यांसाठी राखून ठेवावं. दोन-चार कुंड्यांना ते पुरतं.

खोलीबद्दल मात्र तडजोड नाही. टायगर लिली दोन ठिकाणी मुळं काढते. एक कंदाच्या बुडाशी आणि दुसरी कंदाच्या वर, मातीत गाडलेल्या खोडाला. झाडाला खरं अन्न पुरवतात ती ही वरची मुळं. कंद उथळ लावला तर त्यांना जागाच राहत नाही आणि चार-पाच फुटांचं खोड कळ्यांच्या ओझ्यानं आडवं होतं. म्हणून बारा इंची कुंडी, तीत तीन कंद आणि कंदाच्या डोक्यावर बारा ते पंधरा सेंटिमीटर माती. बांबूची काठी लावायची असेल तर ती कंद लावतानाच रोवावी. नंतर अंदाजानं खुपसली की नेमकी कंदातून आरपार जाते.

लिलीला मुळाशी गारवा आणि डोक्याला ऊन लागतं. यासाठी वारूळवाडीत मिळणाऱ्या मालाइतका चांगला माल पुण्याच्या नर्सरीतही मिळणार नाही. उसाचं पाचट. कुंडीच्या मातीवर पाचटाचा तीन-चार बोटं जाड थर दिला की दुपारच्या उन्हात माती तापत नाही, ओल टिकते आणि वर्षभरात पाचट कुजून खतही होतं. सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळेल अशी जागा निवडावी. पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीशेजारी कुंडी ठेवू नये, ती भिंत संध्याकाळी सातलाही धग सोडत असते. फेब्रुवारीनंतर वर हिरवं शेडनेट ताणावं. कोंब वर आल्यावर दर पंधरा दिवसांनी एकोणीस-एकोणीस खत लिटरला ग्रॅमभर, कळ्या दिसल्यावर पालाश जास्त असलेलं खत. नत्राचा मारा केला की झाड पालेभाजीसारखं माजतं आणि खोड मऊ राहतं.

कळी आधी वर तोंड करून असते, फुगत जाते तशी मान खाली घालते. ती नारिंगी झाली की एखाद्या सकाळी तिच्या सहा पाकळ्या फाकतात आणि दिवसभरात मागे वळत वळत देठाला जाऊन भिडतात. जवळून पाहिलं तर ठिपके नुसते रंगवलेले नाहीत, पाकळीच्या बुडाकडं त्यांना बारीक उठाव असतो आणि बोट फिरवलं तर खरखर लागते. वास जवळपास नाही. पुंकेसरांच्या टोकाला तपकिरी-तांबूस परागाच्या पिशव्या हलक्याशा वाऱ्यानंही डुलतात. हा पराग कपड्याला लागला तर हातानं किंवा पाण्यानं पुसू नये, डाग कायमचा बसतो. चिकटपट्टी दाबून उचलावा, सगळा निघून येतो.

फुलं गेल्यावर अनेक जण खोड बुडापासून कापतात. तसं करू नये. फक्त टोकाचा फुलोरा छाटावा आणि पानं मे महिन्यापर्यंत सांभाळावीत, कारण पुढच्या वर्षीची पुंजी या पानांतून कंदात उतरत असते. बेचक्यातल्या काळ्या गोळ्याही याच काळात टपोऱ्या होतात. हात लावताच सुटून येतील तेव्हा त्या काढून उथळ कुंडीत दोन-तीन सेंटिमीटर खोल पेराव्यात. त्यांनाही दर वर्षी कंदांबरोबर फ्रिजची वारी घडवावी लागते आणि फुलायला दोन-तीन वर्षं जातात. मोठे कंद मेअखेरीस पावसाआधी काढून, माती झटकून, दमट कोकोपीटमध्ये घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावेत आणि ऑगस्टमध्ये पुन्हा फ्रिजमध्ये.

आता एक गोष्ट या भागापुरती फार महत्त्वाची. टायगर लिली विषाणू अंगावर बाळगते आणि दाखवत नाही. दुसऱ्या लिली ज्या विषाणूंनी वाकड्यातिकड्या होऊन मरतात, ते अंगात असूनही ही धडधाकट दिसते. मावा तिच्यावर बसतो, रस शोषतो आणि शेजारच्या झाडावर जातो. अशा विषाणूंपैकी एक म्हणजे काकडीचा मोझॅक विषाणू. नाव काकडीचं असलं तरी तो शेकडो जातींच्या झाडांवर जातो, लिलीवर आणि टोमॅटोवरही. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक भागात टोमॅटोची फळं अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, अर्धवट लाल अशी निघू लागली आणि शेतकऱ्यांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ म्हणून टाकलं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा त्यांत सापडलेल्या विषाणूंमध्ये हाच मोझॅक विषाणू होता. त्या साथीत लिलीचा काही हात होता असं मुळीच नाही. पण ज्या गावात टोमॅटोवर घरं चालतात तिथं टायगर लिलीची कुंडी टोमॅटोच्या रोपांच्या शेजारी ठेवणं शहाणपणाचं नाही. पिवळे चिकट सापळे टांगावेत, मावा दिसला की निंबोळी अर्क फवारावा आणि पानांवर फिकट पट्टे किंवा मोडलेल्या रंगाची फुलं दिसली तर झाड कंदासकट जाळून टाकावं. मनाला लागतं, पण विषाणूवर औषध नाही.

मांजर असलेल्या घरानं तर विचार करूनच ही लिली लावावी. खऱ्या लिलीचा कुठलाही भाग, अगदी अंगावर पडलेला पराग चाटला तरी, मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. फुलदाणीतलं पाणीही धोक्याचं. ओसरीवर मांजर वावरत असेल तर कुंडी गच्चीवर ठेवून दार लावणं पुरेसं नसतं, मांजरं भिंतीवरून येतात. अशा घरांसाठी पुढं सांगितलेली बेलमकांडा बरी, पण तीही चघळू देऊ नये.

टायगर लिली म्हणून जे विकलं जातं ते दर वेळी टायगर लिली नसतं. नर्सरीत हमखास मिळते ती डे लिली. नारिंगी कर्णा, बुडातून फुटणारी गवतासारखी लांब पानं, एक फूल एकच दिवस टिकणारं. तिला थंडीची तितकी आस नसते आणि ती आपल्याकडं आनंदानं वाढते, मात्र मांजराला तीही विषारीच. ओळख सोपी आहे. खऱ्या टायगर लिलीचं खोड उभं असतं आणि त्याच्या अंगावर चहूबाजूंनी अरुंद पानं असतात. डे लिलीला पानांचा जुडगा बुडाशी आणि फुलाचा दांडा उघडा.

दुसरी आहे बेलमकांडा. पंख्यासारखी पसरलेली तलवारी पानं आणि छोटी, सपाट, नारिंगी फुलं, लाल ठिपक्यांची. इंग्रजीत तिला लेपर्ड लिली म्हणतात, म्हणजे बिबट्याची लिली. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र असलेल्या आणि उसाच्या फडात बिबट्याचं कुटुंब नांदणाऱ्या जुन्नर तालुक्यात तिच्याइतकं शोभणारं फूल दुसरं नाही. ती लिली नव्हेच, आयरिसची बहीण आहे. डीएनएतल्या खुणा तपासल्यावर २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला आयरिस वंशातच सामावून घेतलं. फूल संध्याकाळी मिटताना पिळदार गुंडाळलं जातं, बोंड उकललं की आत काळ्याभोर चकचकीत बियांचा घोस दिसतो. बियांपासून सहज येते, फ्रिज मागत नाही, उन्हाला घाबरत नाही. लिलीच्या नादाला लागलेल्या नवशिक्यानं पहिल्या वर्षी हीच लावावी, हात बसतो.

फुलांच्या बाजारातली लिली तर आणखी निराळी. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गुलछडी, अष्टर यांच्याबरोबर ‘लिली बंडल’ म्हणून मिळतात त्या स्पायडर लिलीच्या पांढऱ्या कळ्या, हारांसाठी. दहा काड्यांच्या हिशेबानं विकलं जातं ते लिलियम, पॉलिहाउसमधलं. यातल्या रंगीत एशियाटिक जातींच्या वंशावळीत मात्र टायगर लिलीचं रक्त आहे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये यान द ग्राफ यानं १९४० च्या दशकात टायगर लिलीचा संकर करून ‘एन्चांटमेंट’ नावाची नारिंगी, वर तोंड करणारी जात काढली आणि तिच्यावर पुढच्या अनेक जाती उभ्या राहिल्या. पुण्यातल्या लग्नात स्टेजवर लावलेल्या नारिंगी लिलियमच्या काड्यांमध्ये या ठिपकेवाल्या आजीचा थोडा अंश असतो.

हे सगळं करायची तयारी नसेल, तरी आषाढ-श्रावणात अंगणाला आगीच्या रंगाचं फूल हवं असेल, तर ते सह्याद्रीनं आधीच देऊन ठेवलं आहे. कळलावी. कुणी अग्निशिखा म्हणतं, कुणी खड्यानाग. पावसाळ्यात आपल्या रानांत, दगडी बांधांवर आणि करवंदीच्या जाळ्यांवर ती चढलेली दिसते. तिच्याही सहा पाकळ्या मागे वळलेल्या, पण त्या वर उठून ज्वाळेसारख्या उभ्या राहतात आणि कडा नागमोडी असतात. उमलताना फूल हिरवट पिवळं, मग बुडाला पिवळं आणि टोकाला लाल, शेवटी सगळंच गर्द तांबडं. एकाच वेलीवर चार वयाची चार रंगांची फुलं. वेलीला वेगळे तणावे नसतात. पानाचं टोकच लांब होऊन आकड्यासारखं वळतं आणि मिळेल त्या काडीला धरतं.

तमिळनाडूचं हे राज्यफूल आणि झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. १९४७ मध्ये आफ्रिका दौऱ्यावर आलेल्या राजकन्या एलिझाबेथला तिथल्या मुलांनी वर्गणी काढून याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता. तमिळनाडूत दिंडुक्कल, तिरुप्पूर भागात कळलावीची शेती होते, बियांसाठी. सकाळी मजूर फुलाफुलाला हातानं पराग लावत फिरतात, कारण फुलाची मादीदांडी बुडापाशीच काटकोनात बाजूला वळलेली असते आणि नुसत्या किड्यांच्या भरवशावर बोंडं पुरेशी धरत नाहीत. या बियांत असतं कोल्चिसिन. गाउटच्या वेदनेवर ते सूक्ष्म मात्रेत औषध आहे आणि वनस्पतीत गुणसूत्रांचे संच दुप्पट करण्याची ताकद त्यात आहे. १९३७ मध्ये ही ताकद जगासमोर आली आणि पुढं तिच्याच आधारानं बिनबियांचं कलिंगड तयार झालं.

हेच कोल्चिसिन माणसाला मारतंही. कळलावीचा कंद विषारी आहे, थोडासा पोटात गेला तरी जीव जाऊ शकतो. आणि तो दिसतो रताळ्यासारखा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात करांदे आणि रानातले इतर कंद उकरून खाण्याची जुनी रीत आहे, म्हणून कळलावी परसात भाजीच्या वाफ्यात लावू नये. वेगळ्या कुंडीत, नावाची पाटी लावून, मुलांच्या हातापासून दूर. बाळंतपण लवकर व्हावं म्हणून तिचा कंद वापरण्याचे जुने उपाय आजही कुठं कुठं सांगितले जातात. ते ऐकू नयेत, त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जातो.

रानातून कंद उपटून आणणंही नको. भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून संरक्षित आहे आणि तिथून काहीही उचलणं गुन्हा आहे. पण अभयारण्याच्या बाहेरचं रानही वाचवण्याजोगंच आहे. औषधासाठी कंद खणून नेल्यामुळं ही वेल अनेक ठिकाणी विरळ झाली. नर्सरीतून घेतलेला एक कंद दोन-तीन वर्षांत दुणावतो, तेवढा धीर धरावा.

कळलावीचा कंद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, दोन बाहूंचा. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला तर बाहू वाया, म्हणून कंद काढताना खुरपं वापरू नये, कुंडी उलटी करून माती हातानं मोकळी करावी, शक्यतो मोजे घालून. मेअखेरीस आठ-दहा सेंटिमीटर खोल आडवा ठेवायचा. पहिल्या दमदार पावसात कोंब येतो आणि चढायला जाळी किंवा तुरीच्या वाळल्या काड्या दिल्या की जुलै ते सप्टेंबर फुलं. ऑक्टोबरमध्ये वेल पिवळी पडते. तेव्हापासून पाण्याचा एक थेंबही नाही. कुंडी पावसा-पाण्यापासून दूर पडवीत सरकवून मेपर्यंत विसरून जायची. लिलीच्या कंदाला झोपायला गारवा लागतो, याला लागतो कोरडा उन्हाळा, आणि तो आपल्याकडं फुकट मिळतो. झोपेत पाणी मिळालं की हा कंद कुजतो.

दोघींचं वेळापत्रकही एकमेकींना अडत नाही. ऑक्टोबरच्या ज्या आठवड्यात कळलावीचं पाणी तोडायचं त्याच आठवड्यात लिलीचे कंद फ्रिजमधून कुंडीत जातात आणि मेअखेरीस लिली निघाली की कळलावी मातीत जाते. जागा एकच लागते, माती मात्र दर वेळी नवी घ्यावी.

बियांपासून कळलावी करायची असेल तर बोंड वाळून उकलल्यावर आतल्या लालभडक बिया काढून सावलीत सुकवाव्यात आणि पुढच्या जूनमध्ये पेराव्यात. उगवण रेंगाळते, काही बिया महिनाभरात येतात, काही दोन-तीन महिने घेतात. पहिल्या वर्षी फक्त बोटभर उंचीची दोन-चार पानं दिसतात आणि त्यांच्या खाली शेंगदाण्याएवढा कंद धरतो. फूल तिसऱ्या नाहीतर चौथ्या पावसाळ्यात.